न वाढणारं अक्षर

३ फेब्रुवारी, सोमवार

बाकीराव,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न उघडता कपाटात टाकशील, म्हणून पत्ता आईकडून लिहून घेतला. तिचा हात हल्ली कापतो, पण तुझा पत्ता लिहिताना अजिबात कापला नाही. म्हणजे हात सोंगाड्या आहे. गुडघे मात्र खरे दुखतात.

बाबांनी ठेवलेल्या नावाने हाक मारतेय, रागावू नकोस. भाग कितीही नीट जाणारा असो, तुझ्या भागाकारात बाकी उरायचीच, म्हणून बाकीराव. त्यांची पाटी अजून जेवणाच्या टेबलाजवळच्या भिंतीवर आहे. मी पुसते, पण खिळ्यावरून काढत नाही.

इकडची बातमी अशी की क्रीडागृहाचा सज्जा पुरा झाला. आपल्या कारखान्याचे आठही लोखंडी हात भिंतीतून चार मीटर पुढे आलेत आणि खाली एकही खांब नाही. लोक मान वर करून बघतात आणि पुटपुटतात, हे राहिलंय कशावर? वर तीनशे खुर्च्या. उद्घाटन १६ मार्चला, रविवारी. शाळांच्या स्पर्धा झाल्यात, त्यांची बक्षिसं वाटायची आहेत. मुलं खाली, आईबाप वर. मालकांनी आईलाही बोलावलंय, सज्जात पहिल्या रांगेत. म्हाताऱ्या माणसांसाठी मागच्या बाजूने लिफ्ट बसवलीय, फक्त वीज जोडायची राहिलीय. आई शेजारणींना सांगत सुटलीय, "माझ्या दोन्ही पोरांनी केलंय ते."

एक काम आहे. तुझी पिवळी वही, ज्यात तू त्या हातांचं पहिलं गणित मांडलं होतंस, ती पाठवून दे. सगळे कागद एकत्र लावून ठेवायचेत, एवढंच.

काल सुतार खुर्च्या बसवत होते तेव्हा वरून टक् असा आवाज आला. एकदाच. नवीन लोखंड जागेवर बसताना असे आवाज येतातच. तुला सांगायचं काही कारण नव्हतं, ओघात आलं.

ताई


१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बाकीराव,

कार्ड मिळालं. "वही इथेच बरी." तीन वर्षांनी तीन शब्द, वर्षाला एक. आईने उलटून पालटून बघितलं, मागे काही राहिलंय का म्हणून. मग म्हणाली, "अक्षर सुधारलंय हं त्याचं."

तू अजून त्याच दिवसात अडकून बसलायस, हे मला कळतंय. मग मीही माझी बाजू एकदा लिहून टाकते.

बाबांनी दोघांनाही एकच शिकवलं होतं. जेवताना पाटीवर बहुपदी लिहायचे आणि म्हणायचे, प्रत्येक पदाच्या अंगातले घात मोजा. क्ष एकदा, य दोनदा, झाले तीन. पुढच्या पदात क्ष, य, झ एकेकदा, तेही तीन. सगळीकडे तीनच आले तर ती समघाती बहुपदी, आणि तिच्यात एक मोठा गुण. आतलं प्रत्येक अक्षर दुप्पट करा, उत्तर डोळे मिटून आठपट. चौपट करा, उत्तर चौसष्टपट. परत मांडामांड नको. आणि घात जुळले नाहीत तर? "तर उत्तराकडे बघूसुद्धा नका," असं म्हणून ते पाटी पुसायचे. भाजी वाढायची राहिलेली असायची.

कारखान्यात मी तेच केलं. गणितं तपासायला बसले आणि पहिला नियम लावला: घात मोजल्याशिवाय हिरवी खूण नाही. लोक मागून हसायचे, पण त्या नियमाने मी किती चुका पकडल्या ते तुलाही माहीत आहे.

आणि तू काय आणून ठेवलंस? हाताच्या सांध्याची ताकद: पहिलं पद रुंदी गुणिले उंचीचा वर्ग, घात तीन. दुसरं पद सहा गुणिले रुंदी गुणिले उंची, घात दोन. मी विचारलं, हा सहा कुठून टपकला? तू म्हणालास, वेल्डिंगच्या रेघेची जाडी, सहा मिलिमीटर. मग ती जाडी आहे ना, आकडा नव्हे. तिला अक्षर दे. मी सहा खोडला आणि तिथे झ लिहिला. घात जुळले. कुणीही शहाण्या माणसाने हेच केलं असतं.

तुला चारचौघांत "गबाळ्या" म्हणाले, ते चुकलं. "बाबा असते तर त्यांना लाज वाटली असती" हेही. पण तूही मालकांसमोर कागद टेबलावर आपटलास. उचलली जीभ लावली टाळ्याला, तेव्हाही आणि नोकरी सोडतानाही.

वही पाठव. हट्ट पुरे.

ताई

ता. क. भिंत आणि तिसरा हात जिथे जोडलेत (आवाज तिथूनच आला होता) तिथे मी एक पातळ काचेची पट्टी चिकटवून आलेय. सांधा किंचित जरी हलला तरी काच तडकते. सहज, मनाच्या समाधानासाठी.


२४ फेब्रुवारी, सोमवार

भाऊ,

वेल्डरकाका आठवतात ना, उजव्या भुवईला केस नसलेले? परवा जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी आले. कधी येत नाहीत. डबा हातातच होता.

म्हणाले, "ताई, एक विचारू? मॉडेलला जी रेघ मारली होती, तीच या मोठ्या हातांना मारलीय. चालतंय ना?"

मी म्हणाले, "तीच म्हणजे?"

"एक थर. सहा एमेम. कागदावर तेवढीच होती. आता मॉडेल केवढंसं आणि हे धूड केवढं. पण तुमची हिरवी खूण होती, मग म्हटलं आपण कशाला तोंड घाला."

मी त्यांना म्हणाले, बघते. ते गेले आणि मी सज्जाच्या गणिताचा कागद काढून समोर पसरला.

ताकद बघायला आधी केलेलं हाताचं मॉडेल खऱ्याच्या पाव होतं. रुंदी चौपट केली, उंची चौपट केली. झ चौपट झालाच नाही. मॉडेलमध्ये सहा आणि इथेही सहा. मी मात्र समघाती म्हणून सगळ्याला चौसष्टने गुणून मोकळी झाले. अक्षर लावणं चूक नव्हतं, ते मी अजूनही म्हणेन. पण अक्षर लावलं म्हणजे तेही इतरांबरोबर वाढतं, असं मी धरून चालले. बाबांच्या पाटीवर सगळी अक्षरं वाढायची. पाटीवर काय, काहीही वाढतं.

तू नेमकं हेच म्हणाला होतास. "ताई, तो सहा सहाच राहतो. तू त्याला अक्षराचा सदरा घातलास की तोही मोठा होईल असं वाटायला लागतं." मी म्हणाले होते, गणितात वाटण्याला जागा नाही.

घरी येऊन आईला अंग दुखतंय म्हणून सांगितलं आणि पुन्हा मांडलं. मॉडेलने शंभर ठोकळे तोलले, म्हणून त्याची ताकद शंभर धर. त्यातली लोखंडाची चाळीस, रेघेची साठ. एवढ्याशा तुकड्याला सहाची रेघ म्हणजे पोराला बापाचा कोट. सगळा भार तिनेच उचलला होता. आता मोठा हात. चाळीसचे चौसष्टपट, दोन हजार पाचशे साठ. साठचे मात्र सोळापटच, कारण वाढली दोनच अक्षरं: नऊशे साठ. बेरीज तीन हजार पाचशे वीस.

मी कागदावर सहा हजार चारशे लिहून दिलेत.

सज्जा रिकामा असताना त्याच मापाने भार दोन हजार आहे. तीनशे माणसं बसली की चार हजार शंभर.

आता एक विचारते, त्याचं तरी उत्तर दे. तू आणि काकांनी एका रविवारी दुसरं मॉडेल तोडलं होतं ना? त्याची रेघ ग्राइंडरने घासून पाव केली होती, दीड मिलिमीटर. तू आकडा सांगायला आलास तेव्हा मी ऐकून घेतला नाही. म्हणाले, घासलेल्या मॉडेलचं काय खरं. आज कळतंय की खरं मॉडेल तेच होतं, त्यात झ सुद्धा चौथा हिस्सा झाला होता. माझं गणित म्हणतं, ते शंभरवर नव्हे, पंचावन्नवर तुटलं असेल. वहीत काय आकडा आहे?

काच अजून शाबूत आहे. रोज सकाळी बघून येते.

ताई


६ मार्च, गुरुवार

भाऊ,

दहा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. मी खरं बोलले नाही म्हणून नसेल. आता बोलते.

वही मी जाळायला मागितली होती.

पहिला टक् आवाज आला त्याच दिवशी माझ्या मनात पाल चुकचुकली होती. वेल्डरकाका नंतर आले. मला नीट कळत नव्हतं कुठे चुकलंय, पण कुठेतरी तुझं बरोबर निघणार हे कळत होतं. आणि ते फक्त तुझ्या वहीत लिहिलेलं आहे, तारखेसकट, खाली काकांची सही. ती गेली की झालं.

आणखी एक आहे. हे लिहायला मला तीन कागद फाडावे लागले. सज्जाच्या गणिताच्या कागदावर खाली दोन ओळी असतात. "गणित केले" आणि "तपासले". तपासले पुढे माझी सही आहे. गणित केले पुढे तुझी. तू गेल्यावर मी कागद नव्याने उतरवला, त्यात झ घातला, आणि तुझी सही मी केली. तुझा कागद, तुझं श्रेय, असं तेव्हा स्वतःला समजावलं. खोटं आहे ते. एका कागदावर दोन्ही सह्या माझ्याच कशा चालतील, एवढंच कारण होतं. सज्जा पडला तर पहिलं नाव तुझं निघेल, भाऊ. पोलीस आधी तुझ्या दारात येतील. ज्याने नको म्हटलं होतं त्याच्या.

सोमवारी मालकांना सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, मला वाटलं पटतंय. मी म्हणाले, रेघेवर आणखी थर चढवू, महिन्याभराचं काम आहे, तोवर सज्जा बंद ठेवा. ते म्हणाले, "ताई, पत्रिका छापून गेल्यात. तुमच्याइतकं काटेकोर माणूस मी पाहिलं नाही, आणि तुम्हीच म्हणताय तुमची खूण चुकली? चार दिवस सुट्टी घ्या." जाताना दार त्यांनीच उघडून धरलं. इतके ते अदबीने कधी वागले नव्हते.

मंगळवारी तपासणी कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी फाइल काढली. "मॅडम, मॉडेलने शंभर ठोकळे तोलले, हा फोटो. हा कागद, ही तुमची हिरवी खूण. आता तुम्हीच सांगताय की हे धरू नका. मी धरू काय?" मी पाटीवर शिकवतात तसं सगळं मांडून दाखवलं. त्यांनी घड्याळ बघितलं. मग म्हणाले, "दुसरं मॉडेल तुटल्याची मूळ नोंद आणा. लगेच बंद करतो. नुसत्या तोंडी बोलण्यावर नाही." मी वेल्डरकाकांचं नाव सांगितलं, तर म्हणाले, वेल्डरची आठवण म्हणजे नोंद नव्हे.

म्हणजे ज्या वहीला मी काडी लावणार होते, तिच्याचसाठी आता हात पसरतेय. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

माझ्यावरचा राग ठेव, तो तुझा हक्क आहे. फक्त वही त्यांच्याकडे पाठव, माझ्याकडे नको. माझ्यावर विश्वास ठेव असं मी म्हणणार नाही.

ताई


१२ मार्च, बुधवार

भाऊ,

आज तुझं कार्ड आलं. एकच शब्द.

पंचावन्न.

मी ते आईच्या हातातून घेतलं आणि उभ्याउभ्या वाचलं. आई म्हणाली, "हे काय लिहिलंय? कुणाचं वय?" मी म्हणाले, हो, कुणाचंतरी. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. माझं उत्तर बरोबर आलं होतं, भाऊ. सबंध आयुष्यात उत्तर बरोबर आल्याचं मला एवढं भय कधी वाटलं नाही.

कार्डावर शिक्का शनिवारचा आहे. वही त्याच दिवशी पाठवली असलीस तर जाड पाकीट सोमवारी पोचेल. उद्घाटन रविवारी.

कार्ड घेऊन परत त्या साहेबांकडे गेले. एका शब्दाचं कार्ड. त्यांनी ते मला दोन्ही हातांनी परत दिलं.

काच काल तडकली. तिसऱ्या हातावरची. वर फक्त झाडणाऱ्या चार बाया आणि रंगारी होते. मी नवीन पट्टी लावली.

आता एवढंच करता येण्यासारखं आहे. सज्जात जायला एकच जिना, त्याच्या तोंडाशी सरकती जाळी, आणि तिची एक किल्ली कारखान्यात माझ्या खणात असते. रविवारी पहाटे जाऊन जाळीला आपलं कुलूप घालायचं आणि पायरीवर बसायचं. ओढून काढतील तर काढतील, तोवर बक्षिसं वाटून होतील. खाली पोरं बसणार आहेत ती सज्जाच्या पुढे, मैदानात, सज्जाखाली नाहीत. ते मी मोजून आलेय. वेल्डरकाका म्हणाले, "मी पण येतो, मला काय, दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला." आईला सांगितलंय, तू घरीच थांब. ती म्हणाली, "का? तुझीच तेवढी बघायची लायकी आहे का?" मी म्हणाले, जिना चढायचा आहे, गुडघे बघ. तेव्हा कुठे गप्प बसली.

ताई


१६ मार्च, रविवार, सकाळ

भाऊ,

पायरीवर बसून लिहितेय, वहीच्या पानावर, ओळी वाकड्या येतील. जाळीला कुलूप आहे, किल्ली माझ्या ब्लाउजमध्ये. सकाळी सातपासून इथे आहे. काका सज्जाखाली भिंतीशी उभे आहेत, तिसऱ्या हाताच्या काचेवर डोळा ठेवून. त्यांनी हातगाडीवर चार लोखंडी टेकू आणले होते. रखवालदाराने ते बाहेरच ठेवायला लावले, शोभा जाते म्हणून.

हे पाकीट काकांजवळ देणार आहे. आत आणखी एक कागद आहे, तो नीट बघ. काल मी सज्जाच्या गणिताची प्रत काढली आणि तुझी सही खोडली. "गणित केले" माझं, "तपासले" माझं, खाली तुझी सही मी केली होती हे स्पष्ट लिहून तारीख घातलीय. एक प्रत त्या साहेबांच्या पेटीत टाकली, एक ही. आता तुझ्या दारात कुणी आलं तर हा कागद दाखव.

साडेनऊ झाले. लोक येताहेत. नटूनथटून आलेत बिचारे, मी जागेवरून हलत नाही म्हणून चिडताहेत. एक गृहस्थ म्हणाले, "बाई, माझ्या मुलीचं बक्षीस आहे, मला वरून फोटो काढायचाय." मी म्हणाले, खालून काढा, मुलगी मोठी दिसेल. बायको हसली, ते नाही हसले. मालक दुरून बघून गेले. मला वाटलं ओरडतील. ते नुसते हसले, आणि रखवालदाराच्या कानात काहीतरी बोलून मागच्या बाजूला गेले. लोकही हळूहळू तिकडेच निघालेत. दमले असतील भांडून.

आता इथे कुणी नाही. एकदम शांत झालं.

भाऊ, वर पावलं वाजताहेत.

एक, दोन नव्हे. खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतोय. थांबतात, पुन्हा येतात. चार-पाच जणांचा घोळका, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा चार-पाच. लिफ्ट. काल रात्रीत वीज जोडली. माझ्या एकाही कागदात ती लिफ्ट नव्हती, म्हणून मी ती मोजलीच नाही.

काका आलेत. आत्ताच. धापा टाकत. म्हणाले, "ताई, काच गेली. दोन तुकडे." मी विचारलं, वर किती असतील? "शंभरावर. अजून रांग आहे." मग खाली बघत म्हणाले, "मालकांची गाडी तुमच्या घरी गेली होती. आईंना घेऊन आलीय."

मला ऐकू येतंय. माझ्या बरोबर डोक्यावर, पहिल्या रांगेकडे, हळूहळू. काठी, पाऊल, काठी, पाऊल.

काकांना सांगितलंय, लिफ्टच्या दारात पाय घालून उभे राहा, बंद होऊ देऊ नका, आणि हे पाकीट नंतर आठवणीने टपालपेटीत टाका. मी जाळी उघडून वर जातेय, सगळ्यांना याच जिन्याने खाली काढायला. ओरडणार नाही, पळापळ झाली तर तेही वजनच. एकेका रांगेला उठवेन, जिना मागे उघडतो म्हणून मागच्या आधी, पुढच्या शेवटी. आई पुढच्या रांगेत आहे.

वही सांभाळ.

ताई